टेलिफोटो लेन्सची निवड : वीस हजारांपासून दोन लाखांपर्यंत

भिगवणजवळ उजनीच्या पाणथळीत हिवाळ्यातल्या सकाळी सूर्य वर येण्याआधीच होड्या सुटतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका होडीत, निकॉनच्या डी५६०० कॅमेऱ्याला ७०-३०० मिलिमीटरची साधी टेलिफोटो, म्हणजे दूरचे मोठे करून दाखवणारी, लेन्स लावून मी बसले होते. नावाड्याने "ताई, आता हलू नका" म्हणत इंजिन बंद केले आणि होडी आपल्याच वेगाने सरकत रोहित पक्ष्यांच्या थव्यापासून साधारण पन्नास मीटरवर येऊन थांबली. मोठा रोहित माणसाच्या खांद्याएवढा उंच असतो, त्यामुळे चौकटीची निम्मी उंची त्याने सहज भरली आणि छायाचित्रे माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगली आली. तेवढ्याच अंतरावर एका खुंटावर बसलेला ऑस्प्रे हा मासेखाऊ शिकारी पक्षी मात्र चौकटीच्या पाचव्या भागातच मावला, आणि घरी येऊन ते छायाचित्र कापून मोठे केल्यावर पिसांच्या जागी नुसते ठिपके उरले. लेन्स तीच, उजेड तोच, अंतरही तेच. फरक होता तो पक्ष्याच्या आकाराचा.

त्या सकाळपासून कोणी मला "टेलिफोटो लेन्स कोणती घेऊ?" असे विचारले की मी आधी पैशांचा आकडा विचारत नाही. कशाचे छायाचित्र काढायचे आहे, त्याच्या किती जवळ जाता येणार आहे आणि त्या वेळी उजेड किती असणार आहे, हे तीन प्रश्न आधी सुटले पाहिजेत. ते सुटले की प्रत्येक रकमेत एखाददुसरीच लेन्स योग्य ठरते आणि बाकीची नावे आपोआप गळून पडतात.

यासाठी एक छोटा हिशेब फार उपयोगी पडतो. निकॉन आणि सोनीच्या क्रॉप सेन्सरची, म्हणजे छायाचित्र टिपणाऱ्या लहान आकाराच्या सेन्सरची, रुंदी सुमारे २३.५ मिलिमीटर असते, कॅननची सुमारे २२.३. या रुंदीला लेन्सच्या फोकल लेंग्थने (लेन्सच्या नावातला मिलिमीटरचा आकडा) भागून अंतराने गुणले की त्या अंतरावर चौकटीत किती रुंदीचे दृश्य मावेल ते कळते. ३०० मिलिमीटरच्या लेन्समधून दहा मीटरवर सुमारे ७८ सेंटिमीटर रुंदीचे दृश्य दिसते, म्हणजे २८ सेंटिमीटर लांबीचा खंड्या चौकटीचा तिसरा भाग व्यापतो. तोच खंड्या तीस मीटरवर असेल तर जेमतेम आठवा भाग. आता त्याच तीस मीटरवर ६०० मिलिमीटरची लेन्स लावली तर तो चौथ्या भागाएवढा होतो. दुप्पट फोकल लेंग्थमुळे पक्षी दुप्पट मोठा दिसला, पण शांतपणे वीस मीटर पुढे सरकता आले असते तर तो तिप्पट मोठा दिसला असता, आणि तेही एक रुपया खर्च न करता. ५०० आणि ६०० मधला फरक तर अवघा वीस टक्क्यांचा आहे, हे दुकानाच्या काउंटरवर उभे असताना लक्षात ठेवावे.

किंमत आणि वजन एकदम का उड्या मारतात, याचेही कारण साधे आहे. फोकल लेंग्थला एफ आकड्याने (तो जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो) भागले की प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा व्यास मिळतो. ३०० मिलिमीटर आणि एफ ६.३ असेल तर तो सुमारे ४८ मिलिमीटर, ६०० मिलिमीटर आणि एफ ६.३ असेल तर सुमारे ९५, आणि ६०० मिलिमीटर एफ ४ असेल तर तब्बल १५०. पुढची काच निदान तेवढी मोठी असावीच लागते. म्हणून १५०-६०० मिलिमीटरच्या लोकप्रिय लेन्सना ९५ मिलिमीटरचा फिल्टर लागतो आणि म्हणूनच एफ ४ च्या मोठ्या लेन्स दहा लाखांच्या पुढे जातात. कोणतीही कंपनी या गणितातून सुटलेली नाही.

वीस-पंचवीस हजारांपर्यंतची रक्कम हाताशी असेल आणि कॅमेरा कॅननचा क्रॉप सेन्सरवाला डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल, तर ईएफ-एस ५५-२५० मिमी एफ ४-५.६ आयएस एसटीएम ही लेन्स डोळे झाकून घ्यावी, असे मी जबाबदारीने सांगते. २०१३ साली आलेली ही लेन्स अवघ्या ३७५ ग्रॅमची आहे, तिचे ऑटोफोकस शांत आणि पुरेसे चपळ आहे, आणि पूर्ण २५० मिलिमीटरवर, छिद्र पूर्ण उघडे ठेवूनही ती जी स्पष्टता देते ती तिच्या किमतीच्या मानाने विलक्षण आहे. माझ्या भाचीकडे ही लेन्स आहे. पुण्याजवळच्या कवडी येथे नदीकाठी बसून तिने काढलेले वेड्या राघूचे एक छायाचित्र माझ्याकडे आहे. त्यात चोचीत धरलेल्या चतुराच्या पंखांवरच्या शिरा मोजता येतात. ती त्या फांदीपासून सहा-सात मीटरवर पाऊण तास न हलता बसली होती. या लेन्सचा माउंट (कॅमेऱ्याला जोडणारे कडे) प्लास्टिकचा आहे आणि धूळ-पाण्यापासून संरक्षण नाही, हे खरे उणेपण आहे, पण रोज नीट हाताळणाऱ्याला त्याचा त्रास होत नाही.

निकॉनवाल्यांसाठी याच किमतीच्या आसपास एएफ-पी डीएक्स ७०-३०० मिमी एफ ४.५-६.३ जी ईडी व्हीआर ही लेन्स आहे. माझी पहिली लेन्स हीच होती. वजन ४१५ ग्रॅम, फोकस जवळजवळ आवाज न करता बसतो, आणि ३०० मिलिमीटरवरही चित्र स्वच्छ येते. घेताना दोन गोष्टींकडे मात्र बारकाईने पाहावे लागते. पहिली अशी की याच नावाची, दिसायला अगदी सारखी, पण व्हीआर (हाताचा कंप कमी करणारी निकॉनची यंत्रणा) नसलेली लेन्सही बाजारात आहे आणि काही वेळा कॅमेऱ्याच्या संचात तीच दिलेली असते. म्हणून लेन्सवर 'व्हीआर' ही अक्षरे स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुसरी गोष्ट अशी की एएफ-पी प्रकारच्या लेन्स डी७०००, डी५१०० आणि डी३२०० यांसारख्या जुन्या कॅमेऱ्यांवर फोकसच करत नाहीत, हातानेही नाही, कारण त्यांची फोकसची रिंगसुद्धा कॅमेऱ्याच्या विजेवर चालते. उलट बाजूने, डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेली जुनी 'एएफ' लेन्स त्यांवर लावली तर प्रत्येक वेळी हातानेच फोकस करावा लागतो.

याच किमतीत, किंबहुना याहून थोडी स्वस्त, कॅननची ७५-३०० मिमी तिसरी आवृत्ती मिळते आणि ३०० हा आकडा २५० पेक्षा मोठा दिसतो म्हणून अनेक जण तीच उचलतात. ती घेऊ नये. तिच्यात कंप कमी करणारी यंत्रणा नाही, ३०० मिलिमीटरवर चित्र मऊ, म्हणजे किंचित धूसर, पडते आणि पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळट रेघ उमटते. पन्नास मिलिमीटर जास्त मिळाल्याचा आनंद पहिल्याच फेरीत ओसरतो. तसेच कॅननचे एक्स्टेंडर (फोकल लेंग्थ वाढवणारे जोड) ५५-२५० वर बसतच नाहीत, त्यामुळे "आधी ही घेऊ, मग पुढे एक्स्टेंडर जोडू" असा विचार करून कोणी ती घेऊ नये.

पन्नास-साठ हजारांची पायरी मला कायम अवघड वाटत आली आहे. सिग्मा आणि टॅमरॉन या दोघांनी २०१७ मध्ये १००-४०० मिलिमीटरच्या लेन्स आणल्या. दोन्ही सव्वा किलोच्या आतल्या, दोन्ही प्रवासाला सोयीच्या आणि दोन्ही चांगल्या. पण ४०० मिलिमीटरवर दोघींचा उजेड एफ ६.३ इतकाच आहे, आणि पक्ष्यांसाठी लेन्स घेणारा माणूस वर्षभरात पुन्हा '६००'कडे डोळे लावून बसतो. डीएसएलआर वापरणाऱ्याने शक्य असेल तर आणखी काही महिने थांबून पुढच्या पायरीवर जावे, असे माझे मत आहे. ज्यांना किल्ले, मैदानी खेळ, पालखी आणि अधूनमधून पक्षी असे सगळेच टिपायचे आहे त्यांना मात्र या लेन्स मनापासून सुचवीन, कारण खांद्यावर दिवसभर वागवता येते तीच लेन्स वापरली जाते.

कॅननचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा असेल तर मात्र या पायरीवर उत्तर सरळ आहे. आरएफ १००-४०० मिमी एफ ५.६-८ ही २०२१ ची लेन्स केवळ ६३५ ग्रॅमची आहे आणि तिचा फोकस झटकन बसतो. ४०० वर एफ ८ म्हणजे एफ ५.६ च्या तुलनेत निम्माच उजेड. म्हणून सिंहगडाच्या दरीत झाडाखाली स्वर्गीय नर्तक हा पक्षी टिपायचा असेल तर आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) फार वर न्यावा लागतो, आणि उजनीच्या उघड्या पाण्यावर सकाळी आठनंतर तीच लेन्स सुखाने चालते. त्याच कंपनीच्या ६०० आणि ८०० मिलिमीटरच्या एफ ११ लेन्सही आकर्षक वाटतात, कारण त्या अनुक्रमे ९३० आणि १२६० ग्रॅम इतक्याच वजनाच्या आहेत, पण त्यांचे छिद्र एफ ११ वरच कायम असते, आर५ आणि आर६ यांसारख्या कॅमेऱ्यांवरही फोकस चौकटीच्या मधल्या भागापुरता मर्यादित राहतो आणि ८०० ची लेन्स सहा मीटरच्या आत फोकस करत नाही. भर उन्हात, मोकळ्या जागी, दूरच्या पक्ष्यांसाठी त्या ठीक आहेत. पहिली टेलिफोटो म्हणून मी त्या सुचवणार नाही.

लाखाच्या आसपास आल्यावर खरी मजा सुरू होते, आणि इथे मी स्वतः तीन हिवाळे घालवले असल्यामुळे जरा सविस्तर लिहिते. निकॉनची एएफ-एस २००-५०० मिमी एफ ५.६ ई ईडी व्हीआर ही २०१५ मध्ये आलेली लेन्स मी घेतली. तिचे मोठेपण असे की २०० पासून ५०० पर्यंत उजेड एफ ५.६ वरच टिकून राहतो आणि पूर्ण उघड्या छिद्रावर, पूर्ण ५०० मिलिमीटरवरही पिसांची वीण सुटी सुटी दिसते. व्हीआर इतका भक्कम आहे की होडी स्थिर असताना शटरचा वेग एक शतांश सेकंद ठेवूनही मी उभ्या चित्रबलाकाची धारदार छायाचित्रे काढली आहेत. तरी एक गैरसमज इथे दूर करायला हवा : व्हीआर आपल्या हाताचा कंप थांबवतो, पक्ष्याचे पंख नाही. उडणाऱ्या पक्ष्याला सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाचा वेग लागतो म्हणजे लागतोच, आणि तो मिळवण्यासाठी उजेडच पाहिजे.

या लेन्सचे दोषही तितकेच ठळक आहेत. ट्रायपॉड कॉलरसह (लेन्स तिपाईवर बसवण्याच्या कड्यासह) वजन २.३ किलो आहे. हातात धरून पाच मिनिटे थव्याचा पाठलाग केला की डावा दंड भरून येतो. झूमची रिंग इतकी लांब फिरते की २०० वरून ५०० वर जाताना हात एकदा सोडून पुन्हा धरावा लागतो, आणि नेमक्या त्याच क्षणी नदीसुरय पाण्यात सूर मारून वर आलेला असतो. झूम करताना नळी पुढे सरकत असल्याने मोनोपॉडवरचा (एकपायी स्टँडवरचा) तोलही बदलतो. मूळ कॉलरचा पाय थोडा लवचिक असल्याने मंद वेगावर कंप जाणवतो. मी यावर उपाय असा केला की होडीत मोनोपॉड नेणेच सोडले आणि तांदूळ भरलेली जाड कापडाची पिशवी होडीच्या काठावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवू लागले. घरून रिकामी पिशवी न्यावी आणि भिगवणला पोहोचल्यावर दोन किलो तांदूळ घ्यावेत, इतके ते सोपे आहे. पट्टा नेहमी लेन्सच्या पायाला अडकवावा, कॅमेऱ्याला नाही. नाहीतर सगळा भार माउंटवर येतो.

याच किमतीत सिग्माची १५०-६०० मिमी एफ ५-६.३ कंटेम्पररी आणि टॅमरॉनची १५०-६०० दुसरी आवृत्ती या दोन लेन्स आहेत, आणि कॅननच्या डीएसएलआरवाल्यांना तर निवड याच दोघींतून करायची असते. सिग्मा १.९३ किलोची, टॅमरॉन दोन किलोंची. दोन्ही मी प्रत्येकी एक आठवडा भाड्याने वापरल्या. ६०० वर दोघींचे चित्र किंचित मऊ असते आणि एफ ८ वर आणल्यावर सुधारते. ५०० च्या आसपास माझ्या डोळ्यांना निकॉन सरस वाटली, पण ते सांगायला चित्र पडद्यावर शंभर टक्के मोठे करून पाहावे लागते. टॅमरॉनमध्ये झूमची रिंग पुढे ओढली की झूम कुठल्याही लांबीवर घट्ट बसतो, आणि तिच्या पायाला ट्रायपॉडची पट्टी वेगळी जोडावी लागत नाही. वजनाला हलकी म्हणून मी थोडे झुकते माप सिग्माला देते. सिग्माचीच 'स्पोर्ट्स' नावाची भावंड लेन्स २.८६ किलोंची आहे. ती घेण्याआधी हातात धरून पाहावी.

ताडोबाला जाणाऱ्यांनी आणखी एक विचार करावा. जिप्सीपासून वीस मीटरवर वाघ रस्ता ओलांडत असेल आणि क्रॉप सेन्सरवर ६०० मिलिमीटर लावले असेल, तर चौकटीत सुमारे ७८ सेंटिमीटरचे दृश्य मावते, म्हणजे वाघाचा फक्त चेहरा आणि खांदा. तिथे १५० किंवा १०० पासून सुरू होणारी लेन्स २०० पासून सुरू होणाऱ्या लेन्सपेक्षा अधिक उपयोगी ठरते. माझी २००-५०० मी तिथे नेली तेव्हा वाघीण इतकी जवळून गेली की तिचे शेपूट प्रत्येक चौकटीबाहेर राहिले.

दीड-दोन लाखांत सोनीची एफई २००-६०० मिमी एफ ५.६-६.३ ही २०१९ ची आणि निकॉनची झेड १८०-६०० मिमी ही २०२३ ची लेन्स, या दोन्ही मिररलेससाठीच्या लेन्स आहेत. दोन्हींचा झूम आतल्या आत होतो, नळी बाहेर येत नाही. त्यामुळे तोल ढळत नाही, धूळ कमी ओढली जाते आणि थोड्याशा फिरवण्यात पूर्ण झूम होतो. सोनी माझ्या मित्राची होती. एक सकाळ वापरल्यावर माझ्या लेन्सच्या त्या लांबलचक रिंगचा पहिल्यांदा राग आला. कॅननच्या डीएसएलआरसाठी याच पायरीवर ईएफ १००-४०० मिमी एफ ४.५-५.६ एल दुसरी आवृत्ती आहे, आणि ती ९८ सेंटिमीटरपर्यंत फोकस करत असल्याने पावसाळ्यानंतर कासच्या पठारावरची फुले आणि फुलपाखरेही तिच्याने टिपता येतात. त्यापुढच्या, दहा लाखांवरच्या लेन्स मी भाड्यानेही घेतलेल्या नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी मत देत नाही.

जुन्या बाजाराकडे मात्र जरूर पाहावे. बरेच लोक मिररलेसकडे वळल्याने डीएसएलआरच्या चांगल्या लेन्स आता निम्म्याच्या आसपास किमतीला विकायला निघतात, आणि २००-५०० ही एफटीझेड ॲडॅप्टर (डीएसएलआरची लेन्स मिररलेसवर बसवणारा जोड) लावून निकॉनच्या झेड कॅमेऱ्यांवर, तसेच कॅननच्या ईएफ लेन्स ॲडॅप्टरवर आर मालिकेच्या कॅमेऱ्यांवर ऑटोफोकससह चालतात. पण इथे मी एकदा फसले आहे. "एकदम मिंट", म्हणजे नव्यासारखी, म्हणून एका दुकानातून घेतलेल्या लेन्सच्या आतल्या काचेवर, घरी आल्यावर मोबाइलचा टॉर्च मागून लावला तेव्हा, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले. ती बुरशी होती. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला आणि साफसफाईचा खर्च माझ्यावर आला. तेव्हापासून मी स्वतःचा कॅमेरा, कार्ड आणि टॉर्च घेऊनच जाते. छिद्र उघडे ठेवून मागून प्रकाश टाकते, झूम सर्व लांबींवर फिरवून खरखर ऐकते, समोरच्या भिंतीचे किंवा वर्तमानपत्राच्या पानाचे छायाचित्र काढून चारही कोपरे सारखेच स्पष्ट आहेत ना ते तपासते, आणि बिलावरचा क्रमांक लेन्सवरच्या क्रमांकाशी ताडून पाहते. विकणारा एवढ्यासाठी अर्धा तास द्यायला तयार नसेल तर सौदा सोडून द्यावा.

कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी नवी लेन्स घेतली तरी पहिल्याच पावसाळ्यात बुरशीची तयारी ठेवावी. ओल दूर ठेवणारे महागडे कपाट परवडत नसेल तर रबराची कड असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी पुरते. रंग बदलणारे दाणे घ्यावेत आणि ओलसर झाले की मंद आचेवर तव्यावर सुकवून परत ठेवावेत. लेन्स चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत महिनोन्‌महिने बंद ठेवू नये. आणि स्वस्त यूव्ही फिल्टर पुढे लावण्याऐवजी हूड (लेन्सच्या तोंडावरची आडोशाची नळी) लावावे. लांब लेन्सवर हलक्या प्रतीच्या फिल्टरमुळे चित्राची धार गेलेली मी स्वतः पाहिली आहे.

माझ्या भाचीने यंदा १५०-६०० घ्यायचे ठरवले होते. मी तिला सिग्मा आठवडाभर भाड्याने आणायला लावली. तिने ती कवडीला दोनदा नेली, तिसऱ्या दिवशी घरीच ठेवली आणि पुन्हा आपली ५५-२५० घेऊन पहाटे साडेपाचला नदीवर गेली. पुढच्या हिवाळ्यात ती भिगवणला येणार आहे; ऑस्प्रेसाठी माझी २००-५०० तिला देईन, आणि तिची हलकी लेन्स उडणाऱ्या रोहितांसाठी मी घेईन.